टिनाच्या घरात स्मोक अलार्म कुठं लावायचा, आन कापूस-चूल-कोठा आगीपासून कसा सांभाळायचा

स्मोक अलार्मचे जे व्हिडिओ दिसतात ते सगळे फ्लॅटवाल्यांसाठी बनवलेले असतात. स्लॅबचं सपाट छत, वेगळं किचन, दारापर्यंत डांबरी रोड. आपल्या घराचं तसं नाही भाऊ. वर टिना नाही तर कवेलू, एका खोलीत दिवाळीपासून कापूस भरून ठेवलेला कारण भाव वाढन म्हणून थांबलो आहे, मागं ढोराचा कोठा, कोठ्याला लागून कुटार म्हणजे ढोराचा सुका चारा, भिंतीला टेकवून पऱ्हाटीचा म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा ढीग, आन आग विझवायची गाडी तालुक्याच्या नगरपरिषदेत उभी. फोन लागला, गाडीत पाणी भरलेलं असलं, ड्रायव्हर जागेवर असला तरी गावात येईस्तोवर अर्धा तास सहज जाते. म्हणजे पहिली दहा-पंधरा मिनिटं आपलीच, हे धरूनच तयारी करायची.

आन एक समज आधी काढून टाका की आग लागली तर वासानं जाग येईलच. येत नाही. झोपेत नाक काम करत नाही म्हटलं तरी चालते, उलट धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडनं झोप अजून जड होते. बरेच लोक आगीनं नाही तर धुरानं जातात, जाळ त्यांच्यापर्यंत पोचलेलाही नसतो. ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, १० लेकरं गेली, त्यातली बरीचशी गुदमरून. आपल्या विदर्भातलीच गोष्ट आहे ही. म्हणून धूर ओळखून बोंबलणारी वस्तू घरात पाहिजे, कुत्रं भुंकते ते वेगळं.

आता अलार्म घ्यायचा कसा. बॉक्सवर ऑप्टिकल किंवा फोटोइलेक्ट्रिक लिहिलेलं पाहा. हा प्रकार धुमसणाऱ्या आगीचा धूर लवकर पकडते आन आपल्याकडची आग बहुतेक वेळा तशीच असते, कापूस, गादी, गोधडी, कुटार, हे आधी तासनतास धुमसते मग भडकते. दुसरं, ऑनलाइन घेताना लय लोक फसतात ते इथं: स्वस्तात जो दिसते तो पुष्कळदा नुसता डिटेक्टर असतो, मॉल-हॉस्पिटलच्या फायर पॅनलला वायरनं जोडायचा, त्याला स्वतःचा भोंगा नसतो. घरी आणून बॅटरी कुठं टाकायची हेच सापडत नाही. आपल्याला स्टँडअलोन पाहिजे, बॅटरीवरचा, आतच भोंगा असलेला. हजाराच्या आसपास येतो, काही कमी काही जास्त. लाईटीवर चालणारा घेऊ नका, काहून की लाईन केव्हा जाईल याचा आपल्याकडं नेम नाही, आन शॉर्टसर्किटच्या आगीत तर लाईन पुष्कळदा आधीच गेलेली राहते. बॅटरी दोन तऱ्हेची येते, एक सील केलेली दहा वर्षांची, दुसरी बदलायची, डबल ए किंवा ९ व्होल्टची चौकोनी. चौकोनी बॅटरी गावच्या किराणा दुकानात मिळत नाही, तालुक्यातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते, तर एक जास्तीची आणूनच ठेवा. जमत असेल तर सरळ दहा वर्षांवाला घ्या, कटकट नाही.

लावायची जागा ही खरी मेख आहे. लोक म्हणतात आग चुलीजवळ लागते म्हणून चुलीवर लावू. लावला की पहिल्याच दिवशी भाकरी टाकताना बोंबलते, दुसऱ्या दिवशी फोडणीला बोंबलते, तिसऱ्या दिवशी आजी म्हणते काढ ते भूत, आन तो मग बॅटरी काढून खिडकीत पडलेला राहते. चुलीच्या खोलीत लावूच नका. जिथं माणसं झोपतात तिथं लावा. चुलीपासून, गॅसपासून कमीत कमी तीन मीटर लांब. देवघरासमोर पण नको, ऊद-अगरबत्तीचा धूर रोजचा आहे. दोन लावायची ऐपत असेल तर एक झोपायच्या खोलीत आन दुसरा कापसाची खोली आन झोपायची खोली यांच्या मधल्या भागात. एकच असेल तर झोपायच्या खोलीत, प्रश्नच नाही.

याचं अजून एक कारण आहे, कूलर. अलार्मचा आवाज तीन मीटरवर ८५ डेसिबलच्या आसपास असते, मोठाच आहे, पण एप्रिल-मेमध्ये तो लोखंडी कूलर फुल स्पीडवर घरघरत असला आन अलार्म पल्याडच्या खोलीत दार बंद करून असला तर बाप्पा कोणालाच ऐकू यायचं नाही. लावल्यावर एकदा रात्री कूलर सुरू करून, दार लावून, बटन दाबून पाहा की म्हाताऱ्या माणसाला ऐकू येते का.

टिनाच्या छपराची गोष्ट कोणत्याच पुस्तिकेत धड लिहिलेली राहत नाही म्हणून इथं जरा सविस्तर सांगतो. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडं बाहेरच ४५ च्या वर जाते, टिनाच्या खाली तर हात लावता येत नाही. त्या टिनाखाली तापलेल्या हवेचा एक थर बसून राहते आन थोडा धूर असला तर तो त्या थराच्या खालीच अडकते, वर पोचतच नाही. म्हणजे टिनाला चिकटवलेला अलार्म धुराची वाट पाहत बसते आन धूर खाली खोलीत पसरते. दुसरं, या यंत्राला तापमानाची मर्यादा असते, बॉक्सवर लिहिलेली राहते, कशावर ३८ कशावर ४५ डिग्री, त्याच्या वर गेलं की उगाच बोंबलेल नाही तर खराब होईल. थंडीत उलटं, पहाटे टिनाला आतून पाणी सुटते आन ते अलार्मवर टपकते. म्हणून टिनाला थेट कधीच लावायचा नाही. टिनाखाली जी आडवी बल्ली किंवा लोखंडी पाईप असतो त्याच्या खालच्या बाजूला, टिनापासून वीतभर सोडून लावा, स्क्रू मारा, नुसती डबल टेप उन्हाळ्यात सुटते. बल्ली नसली तर भिंतीवर, भिंत जिथं संपते तिथून दहा ते तीस सेंटीमीटर खाली. छपराला उतार असेल तर वरच्या बाजूला, आढ्याजवळ, पण अगदी टोकाच्या कोपऱ्यात नाही, त्या खाचेत हवा फिरत नाही. कवेलूच्या घरात धूर फटीतून बाहेर निघून जाते म्हणून तिथं बाजेच्या वर जी बल्ली येते तिलाच लावा. आन पंख्याच्या किंवा कूलरच्या झोतात नको, झोत धूर बाजूला ढकलते.

गरमीसाठी टिनाखाली थर्माकोल, नाही तर जुन्या साड्या, ताडपत्री बांधायची पद्धत आहे. गारवा येते हे खरं, पण थर्माकोल पेटला की काळा धूर आन वितळलेले जळते थेंब खाली अंथरुणावर. माझं म्हणणं काढा असंच आहे. काढता येत नसेल तर निदान त्याला लागून वायर, होल्डर काही ठेवू नका.

अलार्मची देखभाल फार नाही. महिन्यातून एकदा बटन दाबायचं, अमावस्येला दाबा, पौर्णिमेला दाबा, एक दिवस ठरवा म्हणजे झालं. मधूनच मिनिटा-अर्ध्या मिनिटाला एकदा टुक आवाज येत असेल तर ती आग नाही, बॅटरी संपत आली. कापसाचा तंतू आन तूर-हरभऱ्याच्या मळणीची धूळ आत बसते, कोळी जाळं करते, तर हंगाम संपला की जुन्या कोरड्या ब्रशनं बाहेरच्या जाळ्या साफ करा, ओल्या फडक्यानं नाही. घराला चुना-रंग मारताना पिशवी बांधून ठेवा आन काम झालं की काढायची आठवण ठेवा. दहा वर्षं झाली की बदला, मागं बनवल्याची तारीख असते.

एवढं करूनही स्मोक अलार्म एक गोष्ट पकडत नाही. हिवाळ्यात दार-खिडकी लावून खोलीत शेगडी ठेवतात, बाळंतिणीच्या खोलीत तर हमखास. पेटलेल्या कोळशाला धूर दिसत नाही पण कार्बन मोनॉक्साईड निघते, त्याला वास नाही रंग नाही, आन स्मोक अलार्मला तो कळत नाही. शेगडी झोपायच्या आधी बाहेर, म्हणजे बाहेरच.

कापसाबद्दल बोलू. जिथं कापूस तिथंच झोपायचं, हे आपल्याकडं जागेअभावी होते, अंगाला खाज सुटते तरी लोक त्याच्यावरच पडतात. शक्य असेल तर कापसाला बाहेरून दार असलेली वेगळी खोली द्या, आन कापूस दाराच्या तोंडापर्यंत भरू नका, बाहेर निघायची वाट कापसातून असेल तर ती वाटच नाही. त्या खोलीचा बोर्ड बंद, एमसीबी पाडून ठेवा, बल्ब लटकत असेल तर काढा, उजेड लागला तर टॉर्च न्या. फवारणीच्या बॅटरी पंपाचा चार्जर हमखास त्याच खोलीत लावलेला असते, रात्रभर, कापसाच्या गंजीला टेकून. तो तिथून हलवा, आन चार्जिंग माणूस जागा असतानाच. बिडीवाल्याला त्या दाराशी उभं करू नका, मग तो व्यापारी असो की मजुराचा मुकादम की स्वतःचे मामाजी.

उंदीर विसरू नका. देवापुढं तेलाचा दिवा, वातीला तेल लागलेलं, उंदीर ती पेटती वात तोंडात धरून पळते आन सरळ कापसात शिरते. ऐकायला गंमत वाटते पण जुन्या बायका रात्री दिवा शांत केल्याशिवाय झोपत नाहीत ते उगाच नाही. दिव्यावर काचेची चिमणी ठेवा.

कापूस पेटला की नुसतं वरून पाणी टाकून भागत नाही. वरचा थर भिजते, पाणी घरंगळून खाली जाते, आतमध्ये निखारा तसाच धुमसत राहते, दोन दिवसांनीसुद्धा परत पेटते. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाज फुटलं त्यात दारूगोळ्यासोबत कापसाच्या गाठीच होत्या, आधी आतल्या आत धुमसली, विझवणारे पाणी टाकतच होते आन दुपारी स्फोट झाले, अग्निशमन दलाचे कितीतरी जवान गेले. त्यांच्याच आठवणीत १४ एप्रिल अग्निशमन सेवा दिन असते. आपल्याकडं त्या दिवशी बाबासाहेबांच्या जयंतीला अख्खं गाव एकत्र असते आन पुढचा आठवडा अग्निशमन सप्ताह असते, तर ग्रामपंचायतीनं नगरपरिषदेच्या फायरवाल्यांना डेमोसाठी बोलवायला काहीच हरकत नाही, येतात ते.

तर कापसासाठी युक्ती अशी. पाण्यात थोडा कपडे धुवायचा पावडर कालवा. फवारणीत औषध पानावर पसरावं म्हणून आपण स्टिकर टाकतो ना, तसंच हे, पाणी घरंगळत नाही, कापसात आत शिरते. फवारणीचा पंप यासाठी लय कामाचा आहे, पण धुतलेला पाहिजे, औषध उरलेला पंप आगीवर मारला तर विषारी वाफ तुमच्याच नाकात जाईल. मग काटेरी पंजा किंवा दाताळ्यानं कापूस ओढून बाहेर मोकळ्या जागी, घरापासून आन कोठ्यापासून लांब पसरायचा, उलटापालटा करत भिजवायचा, आन रात्रभर कोणीतरी नजर ठेवायची. हे सगळं आग लहान असतानाच बरं का. खोलीत धूर भरला असेल तर कापूस गेला असं समजा, दार ओढून घ्या आन बाहेर निघा. कापसाचे पैसे परत कमावता येतात.

चूल आन गॅस एकाच खोलीत ही आता घरोघरची गोष्ट आहे, उज्ज्वलाचं सिलेंडर आलं पण भाकरी अजून चुलीवरच. सिलेंडर चुलीपासून जेवढं लांब नेता येईल तेवढं न्या, मधात नुसती पत्र्याची आड नको. सिलेंडर नेहमी उभं, गॅसची शेगडी त्याच्यापेक्षा उंच ओट्यावर. नळी आयएसआय मार्कची, पाच वर्षांनी बदलायची, आन उंदरानं कुरतडली का ते अधूनमधून हात फिरवून पाहा. गॅस हवेपेक्षा जड आहे, खाली फरशीवर साचते, म्हणून वास आला तर खालचं दार उघडायचं, रेग्युलेटर बंद करायचा, आन बटन ना चालू करायचं ना बंद करायचं, पंखासुद्धा नाही, मोबाईल बाहेर जाऊन लावायचा. गॅस गळतीचा नंबर १९०६. कढईतलं तेल पेटलं तर पाणी टाकायचं नाही, गॅस बंद, वर झाकण नाही तर ताट, आन कढई उचलून पळायचं तर अजिबात नाही. चुलीपुढं बसताना नायलॉनची साडी-ओढणी नको, सुती घाला. झोपताना निखाऱ्यावर पाणी, नुसती राख ओढून ठेवली तर मांजर रात्री ती उकरते.

वायरिंगबद्दल थोडक्यात. किटकॅट फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार घालून ठेवायची खोड लय घरात आहे, कारण फ्यूज सारखा उडते. अरे तो उडते म्हणूनच घर वाचते. कूलर, टिल्लू पंप, फ्रिज एकाच एक्स्टेंशनवर, वरून संध्याकाळी व्होल्टेज डीम, डीम लाईनवर मोटर जास्त करंट ओढते आन तापते. कूलरला थ्री पिन, खरी अर्थिंग, आन बोर्डात ३० मिलीअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, बसवून घ्या, तो शॉकपासूनही वाचवते. वायरमन कंजूसी करू म्हणाला तर ऐकू नका.

कोठ्याचं आन कुटाराचं काम घराइतकंच महत्त्वाचं. पऱ्हाटी घराच्या भिंतीला लावून रचू नका, दहा-पंधरा पावलं लांब रचा, तणसाची गंजीही तशीच, आन डीपीच्या किंवा लाईनच्या तारेखाली तर कधीच नाही. ओलं कुटार दाबून भरलं तर आतून तापते आन आपोआप पेटू शकते, हात घालून पाहा, गरम लागलं तर मोकळं करा. मार्च-एप्रिलमध्ये धुरा म्हणजे वावराचा बांध पेटवायची घाई सगळ्यांना असते, दुपारी वारा सुटला की ती आग शेजाऱ्याच्या वावरातून थेट कोठ्यावर. पेटवूच नका हे खरं, आन कोणी पेटवतच असेल तर निदान कोठ्याभोवती गवत-कचरा काढून पट्टा मोकळा ठेवा. कोठ्याच्या दाराशी बाहेरून एक विळा कायम अडकवलेला पाहिजे, ढोराचं दावं सोडत बसायला वेळ नसते, कापायचं. सुटलेलं ढोर घाबरून परत कोठ्यातच घुसते म्हणून बाहेर काढलं की कोठ्याचं फाटक लावून घ्या.

आग लागलीच तर क्रम सोपा आहे. आधी माणसं उठवा, मग ओरडा, मग फोन. धूर असेल तर वाकून, रांगत निघायचं, खाली हवा थोडी बरी राहते. निघताना दार ओढून घ्या, दार बंद असलं की आगीला हवा मिळत नाही. रात्री आतून कुलूप लावत असाल तर किल्ली कुलुपाजवळच खिळ्याला, उशीखाली नाही. बाहेर एक जागा ठरवलेली पाहिजे, मारुतीचा पार, समोरचा निंब, काहीही, तिथं सगळ्यांनी जमायचं आन डोकी मोजायची. पोरगं राहिलं म्हणून बाप आत जाते आन पोरगं शेजारच्या अंगणात उभं असते, असं होऊ नये. लहान लेकरं आग दिसली की बाजेखाली लपतात, त्यांना आधीच सांगा की लपायचं नाही, पळायचं. म्हाताऱ्या माणसाला कोण उचलेल हे नावानिशी ठरवा.

फोन १०१ किंवा ११२. गाव, तालुका, कोणत्या रोडनं यायचं, पुलाखालून मोठी गाडी निघते का, हे सांगा आन एका पोराला मोटरसायकलवर फाट्यावर उभं करा, रात्री गाडीवाल्याला फाटा सापडत नाही. लाईनमनला फोन करून लाईन बंद करायला लावा, लाईन सुरू असताना पाणी मारायचं नाही.

घरात आग विझवायचा चार-सहा किलोचा एबीसी पावडरवाला सिलेंडर असला तर उत्तम, आयएसआयवाला, काटा हिरव्यात आहे का महिन्याला पाहा. पिन ओढायची, दोन मीटरवरून जाळाच्या बुडाशी रोखायचं, ज्वाळेवर नाही, आन डावी-उजवीकडं फिरवायचं. काही सेकंदात संपते तो, म्हणून पाठ नेहमी दाराकडं ठेवा. नसेल तर पाण्याचा ड्रम, बादली, आन भिजवलेलं पोतं, हे दाराजवळ. उन्हाळ्यात ड्रम रिकामाच सापडते कारण नळ चार दिवसांनी येते, तरी एक ड्रम या कामासाठी राखून ठेवा.

कोणी भाजलं तर साधं थंड पाणी, वीस मिनिटं, सतत. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, शाई-तूप-हळद काही नाही. बांगड्या, अंगठी, करदोडा सूज यायच्या आधी काढा, अंगाला चिकटलेला कपडा ओढू नका. वर स्वच्छ सुती कापड आन १०८.

सगळं थंडावल्यावर काही हलवायच्या आधी फोटो काढा, व्हिडिओ काढा, तलाठ्याला बोलावून पंचनामा करून घ्या, कापूस किती होता, ढोरं किती, पावत्या कुठं आहेत ते त्याच वेळी लिहून घ्या. आन वायरमननं वायरिंग तपासल्याशिवाय मेन स्विच वर करू नका.